तिकीट सोडवू नका, पाकीट ठेवा

प्रश्न : माझे सासरे रेल्वेत नोकरीला होते. टपाल तिकिटं जमवायचा त्यांना नाद होता. ते गेल्यावर घरात तीन आल्बम आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा राहिला आहे. डब्यात नुसती जुनी पाकिटं आणि कार्डं. परवा मुलाने मोबाइलवर दाखवलं की गांधीजींचं १९४८चं दहा रुपयांचं तिकीट कुणीतरी अठरा लाखांना विकायला काढलंय. तेच तिकीट आमच्या आल्बममध्ये आहे! ओळखीतून एक गृहस्थ बघून गेले. सगळ्याचे मिळून चाळीस हजार देतो म्हणाले, पण रविवारपर्यंत सांगा म्हणाले. पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून सोडवायला भाच्याने सुरुवात केली आहे. एक पाकीट १९४२चं, स्वित्झर्लंडहून साताऱ्याला आलेलं, पण कडेने कापून वर कागदाची पट्टी चिकटवल्याने खराब झालंय. काही तिकिटांना आणि पाकिटांना लिलावात इतके पैसे का मिळतात? आणि आमच्याकडे तसं काही आहे का, हे कसं ओळखायचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर :

ताई, आधी भाच्याला थांबवा. हे उत्तर पुढे सावकाश वाचलंत तरी चालेल, पण पाण्याची परात आत्ता उचला. तिकिटं पाकिटावरून सोडवून आल्बममध्ये लावायची ही शाळेत आपल्या सगळ्यांना लागलेली सवय. तिच्यापायी या देशातल्या टपालाचा किती इतिहास मोरीत वाहून गेला, त्याला हिशेब नाही. तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आल्बममध्ये नसून डब्यात असण्याची शक्यता मला जास्त वाटते. ती का, ते पुढे येईलच.

आता ते अठरा लाख. ऑनलाइन बाजारात आपल्या वस्तूवर कोणीही कितीही आकडा लिहू शकतो, त्याला कोणी विचारत नाही. ती किंमत मागणाऱ्याची. त्या भावाला कोणी घेतलं का, हा प्रश्न वेगळा. काही विक्री संकेतस्थळांवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवायची सोय असते. मुलाला सांगा, ती खूण लाव आणि मग तेच तिकीट शोध. लाखाचे आकडे बहुतेक गायब होतील आणि हजारातले उरतील. लिलाव कंपन्यासुद्धा जुन्या लिलावांचे निकाल जाहीर ठेवतात. खरा भाव बघायचा तो तिथे, आणि त्यातही एक खाच आहे. हातोडा पडतो त्या रकमेवर कंपनी खरेदीदाराकडून पाचवा हिस्सा किंवा त्याच्या आसपास कमिशन घेते, आणि विकणाऱ्याकडूनही आपला वाटा कापते. बातमीतला आकडा आणि विकणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कम यांत त्यामुळे बरंच अंतर असतं.

गांधीजींच्या तिकिटाबद्दल गोंधळ उडणं साहजिक आहे, कारण एकाच चेहऱ्याच्या दोन फार वेगळ्या गोष्टी बाजारात आहेत. १५ ऑगस्ट १९४८ला चार तिकिटं निघाली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. आपली तिकिटं एरवी नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. ही चार मात्र स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिए छापखान्यातून आली. त्यांवर देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत ‘बापू’ लिहिलेलं आहे. दहा रुपये ही तेव्हा मोठी रक्कम होती, त्यामुळे हौस म्हणून ते तिकीट घेऊन ठेवणारे थोडे. म्हणून आजही कोरं, मागचा गोंद स्वच्छ असलेलं दहा रुपयांचं तिकीट हजारांत जातं. शिक्का पडलेलं असेल तर त्याहून पुष्कळच कमी.

लाखांचं प्रकरण निराळं. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या कार्यालयासाठी या मालिकेवर इंग्रजीत ‘सर्व्हिस’ असा शब्द वरून छापून घेतला गेला. दहा रुपयांची अशी तिकिटं अवघी शंभर. त्यातली बरीचशी सरकारी संग्रहांत राहिली किंवा भेट म्हणून गेली, खासगी हातांत मोजकीच आली. २०१७मध्ये अशा चार तिकिटांची सलग पट्टी लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या पेढीने पाच लाख पौंडांना विकली. तुमच्या तिकिटावर तो शब्द नसेल तर तुमचं तिकीट साधं, चांगलं आणि हजारांतलं. आणि असेल तर एकदम हुरळून जाऊ नका. साध्या तिकिटावर एक काळा शब्द छापणं ही खोटं करणाऱ्यांची सगळ्यात सोपी कला आहे. खुद्द दहा रुपयांच्या साध्या तिकिटाच्याही नकला फिरतात. भिंगाखाली चेहऱ्यावर ऑफसेटचे ठिपके दिसले तर ती नक्कल समजा.

मग काहींना एवढे पैसे का मिळतात? जुनी म्हणून मिळतात, हे उत्तर पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. जगातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे १८४०चं ब्रिटनचं पेनी ब्लॅक. ते सुमारे ६ कोटी ८८ लाख छापलं गेलं, आणि त्या काळी पत्रं जपून ठेवायची पद्धत असल्याने भरपूर उरलं. वापरलेलं, कडा थोड्या कापल्या गेलेलं पेनी ब्लॅक आज मध्यमवर्गीय माणूसही हौसेने घेऊ शकतो. उलट ‘दुर्मिळ’ एवढ्यानेही भागत नाही. एखाद्या संस्थानाच्या कोर्ट फीच्या तिकिटाचे जगात पाचच नग उरले असतील, पण ते हवे असणारे तीनच असतील, तर भाव कुठून येणार?

लिलावात भाव ठरवतो तो जिंकणारा नव्हे, दुसरा. समजा एकाने गुपचूप दोन लाखांपर्यंत जायचं ठरवलंय आणि दुसरा ऐंशी हजारांवर थांबला, तर वस्तू ऐंशी हजारांच्या जरा वर सुटते. पहिल्याचे दोन लाख कोणाला कळतही नाहीत. आणि त्या दिवशी तसे दोघं भिडले तर तीच वस्तू पावणेदोन लाखांवर जाते. पूर्वी मुंबईत लिलाव असला की खोलीत जे बसले असतील तेच. आता अहमदाबाद, सिडनी, लंडन, सगळीकडचा माणूस घरातून बोली लावतो, त्यामुळे अगदी आडवाटेच्या वस्तूलाही ‘दुसरा’ मिळतो. याची उलटी बाजू कोणी सांगत नाही. ज्या तिकिटांना लोक आपल्या गावात दुर्मिळ समजत होते, ती जगभरात पोत्यांनी पडलीत हेही इंटरनेटनेच दाखवलं. त्यामुळे खरं दुर्मिळ वर गेलं आणि साधं जुनं खाली आलं. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीने कॅटलॉगमधल्या किमती पेन्सिलीने तिकिटांखाली लिहून ठेवल्या असतील, तर ते आकडे आता प्रमाण धरू नका.

याचं टोकाचं उदाहरण ब्रिटिश गियानाच्या एका सेंटच्या तिकिटाचं. १८५६चं, किरमिजी कागदावर काळ्या शाईत छापलेलं, कोपरे कापलेलं, दिसायला अगदीच यथातथा. जगात एकच माहीत आहे. १८७३मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला ते घरच्या कागदपत्रांत सापडलं, त्याने सहा शिलिंगांना विकलं. २०१४मध्ये सदबीजच्या लिलावात त्याला ९४ लाख ८० हजार डॉलर मिळाले. २०२१मध्ये ते पुन्हा लिलावात आलं, तेव्हा ८३ लाखांच्या आसपास थांबलं. तेच तिकीट, एकमेव ते एकमेवच, सात वर्षांत दहा लाखांहून जास्त डॉलरने खाली. फक्त त्या दिवशी त्याच्यासाठी तितक्या जिद्दीने भांडणारं दुसरं कोणी नव्हतं. ‘गुंतवणूक’ म्हणून तिकिटं विकणारे हा दुसरा आकडा सहसा सांगत नाहीत.

आता स्थिती. अमेरिकेत १९१८मध्ये चोवीस सेंटच्या हवाई टपालाच्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं. शंभर तिकिटांचा एकच ताव बाहेर पडला, तो घेणाऱ्याने चोवीस डॉलर मोजले होते. म्हणजे सगळी एकाच तावातली भावंडं. तरी त्यांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तावातलं ४९ क्रमांकाचं तिकीट जवळजवळ शतकभर उजेडापासून दूर ठेवलेलं होतं. रंग ताजा, गोंदाला कधी हिंज, म्हणजे आल्बममध्ये तिकीट लावायची चिकट कागदी पट्टी, लागलेलं नाही. २०२३मध्ये त्याला कमिशनसह वीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले. डागाळलेल्या, मुडपलेल्या भावंडांना त्याच्या लहानशा हिश्श्यावर समाधान मानावं लागतं.

आपल्याकडे तर स्थितीचा प्रश्न जास्तच बिकट, कारण पाऊस. चार महिन्यांच्या दमट हवेत गोंद सुटतो, तिकिटं आल्बमच्या पानाला चिकटतात, कागदावर तपकिरी बुरशीचे डाग उठतात. जुनं भारतीय तिकीट मूळ गोंदासह कोरं आणि स्वच्छ मिळणं म्हणूनच अवघड, आणि ते मिळालं की बोली का चढते तेही यातच आलं. आशियातलं पहिलं तिकीट, १८५२मध्ये कराचीत सिंधचा इंग्रज कमिशनर बार्टल फ्रिअर याने काढलेलं ‘सिंध डाक’, याचं गोल लाल रूप तर लाखेच्या पातळ चकतीवर उठवलेलं होतं. पत्र उघडताना ते तडकायचं. लोकांनी जपलं असतं तरी त्याने जपून घेतलं नसतं. म्हणून धड लाल सिंध डाक लिलावात आलं की एवढा गाजावाजा होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे संशय. महाग तिकिटाचा खरेदीदार अर्धे पैसे तिकिटासाठी मोजतो आणि अर्धे निश्चिंत झोपेसाठी. १८५४मध्ये कलकत्त्यात छापलेलं चार आण्यांचं दुरंगी तिकीट, ज्यात व्हिक्टोरिया राणीचं डोकं उलटं पडलं, हे भारतीय तिकिटांतलं सगळ्यात नावाजलेलं. आता असं तिकीट कोणी ‘आजोबांच्या पेटीतलं’ म्हणून दाखवलं, तर कोणी हजार रुपयेसुद्धा देणार नाही. तेच लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीच्या दाखल्यासह आलं, आणि कोणत्या जुन्या संग्राहकाकडून कोणाकडे गेलं याची साखळी कागदावर असली, की आकड्यांची भाषाच बदलते. आपल्याकडे फिलाटेलिक काँग्रेस ऑफ इंडियाही तपासून दाखला देते. दाखल्याला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात, तेव्हा प्रत्येक तिकिटासाठी ती उठाठेव करू नका. ज्या तिकिटावर शंभरपटीचा फरक अडलाय, त्याच्यासाठीच करा.

आणि आता डबा.

पाकिटांना, म्हणजे संग्राहक ज्याला कव्हर म्हणतात त्याला, सुट्या तिकिटापेक्षा जास्त भाव का येतो, याचं माझं आवडतं उदाहरण मुंबईचंच आहे. मॉरिशसने १८४७मध्ये काढलेली ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटं जगप्रसिद्ध. त्यातली एक पेनीची दोन तिकिटं लावलेलं एक पत्र मॉरिशसहून मुंबईतल्या बायबल सोसायटीच्या सचिवांना आलं होतं. ते १८९७मध्ये भारतातल्या एका बाजारात कोणाच्या तरी नजरेला पडलं. १९६८मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ३ लाख ८० हजार डॉलर मिळाले, तेव्हाचा हा प्रचंड आकडा. ती दोन तिकिटं कोणी भाच्यासारखी सोडवून घेतली असती, तरी महाग राहिली असतीच. पण मॉरिशसहून मुंबईला पत्राला किती टपालखर्च पडे, ते कुठून निघालं, कोणासाठी निघालं, हे सगळं पाण्यात विरघळून गेलं असतं. लोकांनी पैसे मोजले ते त्यासाठी.

पाकिटांचा एक नियम ध्यानात ठेवलात तर डबा निम्मा तुम्हीच निवडाल. जे जपून ठेवण्यासाठीच बनवलं, ते जपून ठेवलं गेलं, म्हणून आज भरपूर आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली ‘प्रथम दिवस आवरणं’, म्हणजे एफडीसी, ज्यांवर पत्तासुद्धा नसतो, त्यांना आज फारसं कोणी विचारत नाही. अलाहाबादेत १८ फेब्रुवारी १९११ला जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल यमुना ओलांडून नैनीला गेलं. आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. प्रसंग इतका मोठा, तरी ती पाकिटं अजून नियमाने लिलावांत दिसतात, कारण पाठवणाऱ्यांनी ती आठवण म्हणूनच पाठवली होती. भाव चांगला येतो, पण वेडा नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलेल्या पहिल्या टपालाचंही तसंच. याच्या उलट, एखाद्या कारकुनाने घाईत लिहिलेलं, कुठल्या तरी आडगावच्या तात्पुरत्या टपाल कचेरीचा शिक्का पडलेलं, तिकीट कमी लावल्याने नॉटपेड म्हणून दुप्पट वसुली झालेलं पाकीट कोणी जपायचं कारणच नव्हतं. ते उरलं तर नशिबानेच उरलं. तुमचे सासरे रेल्वेत होते म्हणता. मग आर.एम.एस.चे, म्हणजे गाडीतल्या टपालडब्याचे शिक्के, लेट फीचे, म्हणजे उशिरा टाकलेल्या पत्राच्या जादा आकारणीचे शिक्के डब्यात असणार. ही पाकिटं वेगळी काढा. भोर संस्थानाने १८७९मध्ये आणि पुन्हा १९०१मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती. टपालातून खरोखर गेलेलं भोरचं पाकीट दिसलं, तर ते डब्यात परत टाकू नका. निजामाच्या हैदराबादची तिकिटं लागलेली, मराठवाड्यातल्या गावांचे शिक्के असलेली पाकिटंही तशीच बघा. मिरज-सांगलीच्या संस्थानांच्या कोर्ट फीच्या तिकिटांचे दस्तऐवज सापडले, तर त्यांचेही संग्राहक आहेत, थोडे पण पक्के.

पाकिटांच्या बाबतीत स्थितीचा नियमसुद्धा कधी कधी उलटा फिरतो. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला जाताना ३ नोव्हेंबर १९५०ला आल्प्समध्ये माँ ब्लांवर कोसळलं, ४८ जण गेले. त्यातलं काही टपाल बर्फातून कित्येक वर्षांनी बाहेर आलं. ओली होऊन फाटलेली, शाई पसरलेली ती पाकिटं लोक किंमत देऊन घेतात, आणि त्यांवरचा डागच त्यांचा पुरावा असतो. या व्यवहाराबद्दल मला स्वतःला थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बाजार तसा आहे.

हे सांगायचं कारण तुमचं ते ‘खराब’ साताऱ्याचं पाकीट. ताई, ती पट्टी कोणी नासधूस म्हणून चिकटवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात परदेशी टपाल सेन्सॉरचे लोक कडेने कापून वाचत आणि ‘ओपन्ड बाय एक्झॅमिनर’ असं छापलेल्या पट्टीने पुन्हा बंद करत. आणि साताऱ्यात तेव्हा सरकारने जर्मन आणि इतर शत्रुदेशांच्या नागरिकांना, त्यांत मिशनरी आणि बायकामुलंही होती, नजरकैदेत ठेवलं होतं. पुरंदरावरही तशीच छावणी होती. पहिल्या महायुद्धात अहमदनगरला होती. तटस्थ स्वित्झर्लंडहून १९४२मध्ये साताऱ्याला एखाद्या युरोपीय नावाने आलेलं पत्र म्हटल्यावर माझे कान टवकारले. पत्त्यात ‘कँप’ किंवा ‘पॅरोल’ असा शब्द आहे का बघा. पट्टीवर आणि आसपास गोल किंवा चौकोनी शिक्क्यांत जी अक्षरं-आकडे असतील ते उतरवून घ्या. पाठीमागे मुंबईचा आणि साताऱ्याचा शिक्का कोणत्या तारखांचा आहे तेही. आत पत्र असेल तर ते पाकिटासोबतच राहू दे. लाखांची स्वप्नं नकोत, पण युद्धकाळाचं टपाल जमवणारे जगभर आहेत, आणि त्यांच्यासाठी हे पाकीट तुमच्या आल्बममधल्या बऱ्याच पानांपेक्षा जास्त बोलकं असू शकतं. ती पट्टी काढायचा, पाकीट सरळ करायला इस्त्री फिरवायचा किंवा लॅमिनेट करायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका.

चाळीस हजारांच्या गृहस्थांबद्दल. ते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. तीन आल्बम आणि एक डबा, त्यातलं बहुतेक सामान्य, यासाठी व्यापाऱ्याने असा आकडा सांगणं अशक्य नाही. पण ‘रविवारपर्यंत’ मला पटत नाही. तिकिटं इतकी वर्षं थांबली आहेत, आणखी दोन महिने थांबल्याने त्यांचं काही बिघडत नाही. घाई विकत घेणाऱ्याची आहे, तुमची नाही. त्यांना नम्रपणे सांगा की आम्ही आणखी दोघांना दाखवणार आहोत. आणि कोणालाही ‘एवढं एकच पाकीट घेतो’ म्हणून वरच्यावर काढून देऊ नका. विकायचंच झालं तर बघणारा आधी कशाला हात घालतो ते नीट पाहा.

दाखवायचं कोणाला? महाराष्ट्राच्या टपाल खात्याचं राज्यस्तरीय प्रदर्शन, महापेक्स, भरतं तेव्हा जाणते संग्राहक एका छताखाली भेटतात. मोठ्या शहरांत संग्राहकांची मंडळं आहेत, त्यांच्या बैठकांना नवख्याला मज्जाव नसतो. विकत न घेणाऱ्या माणसाचं मत पहिल्यांदा घ्या, विकत घेणाऱ्याचं नंतर. दोन-चार वस्तू खरंच वरच्या निघाल्या, तर त्या तेवढ्या मुंबईतल्या एखाद्या लिलाव कंपनीकडे एकेक करून द्या. देताना राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती), कमिशन आणि न विकल्यास परत पाठवण्याचा खर्च हे तिन्ही लेखी घ्या. बाकीचं सगळं एकगठ्ठा विकलं तरी हरकत नाही. भाच्याला साधी सुटी तिकिटं देऊन टाका, त्याचा नाद मोडू नका.

तोवर प्रत्येक पाकिटाचा पुढून आणि मागून फोटो काढून ठेवा, फ्लॅश न वापरता. पत्र्याच्या डब्याला गंज असतो, म्हणून पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी लावा, चुरगळतील इतकी दाटी करू नका. आल्बमही उभेच ठेवा, भिंतीपासून जरा लांब. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पंख्याखाली पानं उलटून हवा द्या. कोणतंही पान चिकटलेलं आढळलं तर ओढू नका, तसंच राहू द्या आणि जाणकाराकडे न्या. साताऱ्याच्या पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवलेत, तर शिक्के वाचून कळवीन.